लिनक्स मिंट, जुना लॅपटॉप आणि मामाच्या फायली: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनपासून माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ ही एकच ऑपरेटिंग सिस्टिम आहे. शेजारी विंडोज ठेवलेली नाही. लॅपटॉप चुलतभावाकडून आलेला, सहाव्या पिढीचा इंटेल आय-५, आठ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे माहीत होतं, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे धडधाकट चालणारं यंत्र केवळ कागदोपत्री म्हातारं ठरत होतं. नवीन घेण्याची ऐपत नव्हती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्यासारखेच जुने लॅपटॉप हाताशी असलेले बरेच जण आजूबाजूला आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आधी रोजच्या वापराबद्दल. सुरू होऊन स्थिरावल्यावर सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे मिंटच्या खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग, सव्वा-दीड जीबीच्या आसपास रॅम घेतो, त्यामुळे ब्राउझर, एडिटर आणि टर्मिनल एकत्र उघडे असले तरी यंत्र कुरकुरत नाही. वायफाय, ब्लूटूथ, घरचा प्रिंटर, सगळं पहिल्याच दिवशी चाललं. अपडेट कधी घ्यायचे हे आपण ठरवतो, सबमिशनच्या आदल्या रात्री यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम सोबतच येतो. त्यात सिस्टिमची स्थिती साठवून ठेवता येते आणि काही बिघडलं तर मागे जाता येतं. तो पहिल्या दिवशीच चालू करून ठेवा. बॅटरी मात्र पूर्वीपेक्षा थोडी लवकर उतरते, त्यावर मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही.

मराठीचं म्हणाल तर टायपिंग उत्तम. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, ळ आणि ऱ्य सरळ उमटतात, दऱ्या आणि दर्या नीट वेगळे दिसतात. अक्षरं जोडून दाखवण्याचं हे काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, जो कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. हीच लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजमध्येही आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा फाँट मुक्त परवान्याखाली मिळतो, माझे सगळे रिपोर्ट मी त्यातच करते. मेनूंचं भाषांतर मात्र अर्धवट आहे. काही पर्याय मराठीत, त्याच्या खालचे इंग्रजीत, आणि जिथे मराठी आहे तिथेही कधीकधी असे शब्द, जे कुणाच्या तोंडी नाहीत. मिंटचं भाषांतर लाँचपॅड या संकेतस्थळावर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर. दोन्हीकडे कुणीही खातं उघडून हातभार लावू शकतं. मी लावते आहे. ओळी खूप आहेत आणि माणसं फार थोडी.

आता अडचणी. कॅम्पस मुलाखतींच्या काही ऑनलाइन परीक्षांना स्वतःचा बंदिस्त ब्राउझर लागतो आणि तो फक्त विंडोजवर चालतो. अशा दिवशी मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणावा लागतो. हे मला मनापासून खटकतं, कारण नोकरीच्या दारात उभं राहण्यासाठी एका विशिष्ट कंपनीची सिस्टिम घरी असणं ही अट कुठेच लिहिलेली नसते, तरी ती पाळावी लागते. दुसरी अडचण वर्डच्या .docx फायलींची. लिबरऑफिसमध्ये केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट वर्डमध्ये उघडला की तक्ते सरकतात, पानांचे क्रमांक बदलतात. मी शेवटची प्रत पीडीएफमध्येच देते. गाइड मॅडमना दुरुस्त्या फाइलमध्येच करायच्या असतात, तेव्हा मात्र वेळ जातो.

प्रोग्रॅमिंगसाठी मिंट घ्यावं का, याचं उत्तर मी निःशंकपणे हो असं देईन. आपल्याकडच्या किती तरी लॅबमध्ये अजून टर्बो सी++ या जुन्या कंपायलरचा (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाचा) निळा पडदा आहे, तोही जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये. तो कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि सी++ चं पहिलं आयएसओ प्रमाण आलं १९९८ साली. म्हणजे भाषेचे नियम ठरण्याआधीच्या साधनावर आपण ती भाषा शिकतो. व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, कोनिओ या प्रमाणात नसलेल्या सवयी ही सगळी त्याची देणगी. तोच प्रोग्रॅम जीसीसी या मुक्त कंपायलरला दिला की चुका ओळींच्या क्रमांकांसह बाहेर पडतात आणि आपण भाषा शिकत होतो की एका जुन्या कंपायलरच्या सवयी, हे कळतं. जीसीसी १९८७ पासून लोकांच्या हाती आहे, कुणालाही घेता येतो, तरीही तो आमच्या प्रॅक्टिकलच्या फाइलपर्यंत पोचत नाही. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हे बदलायला हवं. मुंबईच्या आयआयटीचा फॉसी प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून गणितासाठीचं सायलॅब आणि सर्किटसाठीचं ई-सिम यांसारखी मुक्त साधनं कॉलेजांपर्यंत नेतो, तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे ध्वनिचित्र धडे मराठीतही आहेत. इतकं जवळ असलेलं काम आमच्या वर्गात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

मिंटमध्ये सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन सोर्स कोडचे साठे चालू केले, की वापरात असलेल्या कुठल्याही पॅकेजचा मूळ कोड एका आज्ञेने उतरवून घेता येतो. मी सर्वांत आधी एलएस ही आज्ञा उघडली. फायलींची यादी दाखवणारा एवढासा प्रोग्रॅम, पण त्याचा कोड पाच हजारांहून जास्त ओळींचा आहे. नावांचे स्तंभ कसे जुळवायचे, रंग कसे द्यायचे, नावात वेडीवाकडी अक्षरं असली तर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. पुस्तकात असा कोड दिसत नाही. खऱ्या जगात वापरला जाणारा प्रोग्रॅम वाचायला मिळणं हे माझ्या शिक्षणातलं आतापर्यंतचं सर्वांत मोलाचं काम ठरलं.

आणि आता ज्यासाठी हा सगळा अनुभव लिहावासा वाटला ती गोष्ट. माझ्या मामाचा तालुक्याच्या गावी डीटीपीचा व्यवसाय आहे, वीस वर्षांहून जुना. शाळांच्या स्मरणिका, सोसायटीचे अहवाल, लग्नपत्रिका, एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेला गावाचा इतिहास, असं सगळं त्याच्या सीडींवर आहे. ते ज्या पॅकेजमध्ये टाइप केलं त्याला कॉम्प्युटरच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं डाँगल लागायचं, म्हणजे पॅकेज विकत घेतल्याची खूण असलेलं छोटं उपकरण, त्याशिवाय ते चालत नसे. डाँगल गेलं, तसा पोर्ट असलेली यंत्रंही गेली. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो.

कारण त्या फायलीत मराठी मुळी नसतंच. जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. कुठे अर्धा ख, कुठे काना, कुठे वेलांटी. फाँट असेल तोवर डोळ्यांना मराठी दिसायचं, फाँट गेला की उरतात फक्त इंग्रजी खुणा. त्यात शोध घेता येत नाही, त्याची अनुक्रमणिका करता येत नाही. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर ते पूर्ण निरर्थक. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आला तर ई-स्पीक एनजीसारखं मुक्त साधन तो मराठीत वाचून दाखवू शकतं. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, वर्तमानपत्रांत, कचेऱ्यांत असा किती मजकूर अडकला असेल याचा विचार करून मला खरोखर अस्वस्थ वाटतं.

हिंदीच्या एका जुन्या फाँटसाठी कुणीतरी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत परिवर्तक (जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम) लिहून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली ठेवला होता. मामाच्या फाँटचा तक्ता वेगळा होता, पण कोड समोर होता आणि तो बदलण्याची परवानगी परवान्यातच होती. मी मामाच्या शेजारी बसून एकेक खूण पाहिली आणि तक्ता नव्याने भरला. सोपा भाग तेवढाच. खरी कसोटी क्रमाची आहे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘स्थिती’ लिहिताना ती नुसत्या स च्या पुढे नेऊन चालत नाही, अख्ख्या स्थ च्या पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट. तो जुन्या फायलीत शेवटी असतो आणि युनिकोडमध्ये र् म्हणून व्यंजनाच्या आधी जातो. ‘वर्षी’ मध्ये त्याला आधी वेलांटी ओलांडून मागे यावं लागतं, मग ष ओलांडावा लागतो, मग त्याची जागा. हे नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधून बदलण्याच्या सूत्रांत) बसवताना मला मराठी लेखनाची घडण शाळेत कळली नव्हती इतकी कळली.

गुरुजींचा इतिहास पूर्ण बाहेर आला. मामा पडद्यावर वाचत होता आणि मध्येच थांबून म्हणाला, “अगं, यातली निम्मी माणसं आता नाहीत. हे गेलं असतं तर कुणाला विचारणार होतो?” गुरुजींच्या मुलाला आम्ही फाइल दिली, त्यांनी ती गावच्या वाचनालयात ठेवली आहे.

बदललेला परिवर्तक मी त्याच परवान्याखाली सर्वांसाठी ठेवला. जीपीएलची अटच तशी आहे, घ्या, बदला, पण पुढे देताना मूळ कोडही द्या आणि हेच हक्क पुढच्यालाही द्या. मूळ परिवर्तक लिहिणाऱ्याने ही अट घातली नसती तरी मी दिलाच असता, पण अट असल्यामुळे ते माझ्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे विदर्भातल्या एका छापखान्यातल्या गृहस्थांनी ऱ्य चुकत असल्याचं कळवलं आणि दुरुस्ती स्वतःच करून पाठवली. ती घेतली. आमची भेट झालेली नाही.

अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम करण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की, जो प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालतो तो वाचायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क आपल्याला हवा. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला, त्यामुळे दोन्ही प्रवाह एकत्र आले. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मामाच्या सीडींसमोर बसल्यावर त्याचा अर्थ लागला. मिंट फुकट मिळतं म्हणून मी ते घेतलं. आज किंवा उद्या कुणी मला पैसे न घेता बंदिस्त सिस्टिम दिली तरी मी मिंट सोडणार नाही.

माझ्या मते सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामाला हा निकष, म्हणजे सॉफ्टवेअर वाचायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क, लावायलाच हवा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. केरळने तर त्याच्या खूप आधी सरकारी शाळांतून जीएनयू-लिनक्स आणलं आणि ते टिकवलं, शिक्षकांना त्यात तयार केलं. तिथली मुलं शाळेत जे वापरतात ते घरी नेऊ शकतात, पैसे न देता आणि चोरी न करता. आपल्याकडे कॉलेजांच्या आसपास क्रॅक केलेली सॉफ्टवेअर सर्रास पेन ड्राइव्हवर फिरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इंजिनिअर होण्याची सुरुवात अशी होऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त साधनाची देखभाल बरीच वर्षं एकच माणूस मोकळ्या वेळात करत होता. कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदतनीस म्हणून वावरून त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरवाट (बॅकडोअर) घुसवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीच्या, लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्याने कोडपर्यंत माग काढला आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. मिंट २२ ज्यावर उभं आहे त्या उबुंटू २४.०४ या लिनक्स सिस्टिमची बीटा (चाचणीची) आवृत्ती त्यामुळे आठवडाभर पुढे गेली, चोरवाट घुसल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधावी लागली. कोड उघडा होता म्हणून माग काढता आला हे खरं. पण ज्यावर सगळं जग चालतं ते एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेलं होतं, हेही तेवढंच खरं. कंपन्या या कोडवर पैसा कमावतात, त्यांनी देखभालीचा खर्च उचलला पाहिजे. आपण विद्यार्थी पैसे देऊ शकत नसू, तर नीट लिहिलेली बगची तक्रार, एखाद्या पानाचं भाषांतर, जुन्या फाँटचा एखादा तक्ता, हे देऊ शकतो.

घ्यायचं असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहा, काही न पुसता वायफाय आणि आवाज तपासता येतो. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलला हात लावू नका. रॅम चार जीबीच असेल तर सिनॅमनऐवजी मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. कॅम्पसच्या परीक्षा तोंडावर असतील तर त्या होईपर्यंत थांबा, किंवा विंडोजसाठी वेगळं पार्टिशन ठेवा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर माझी डिग्री होऊन गेलेली असेल आणि हा लॅपटॉप धाकट्या भावाकडे असेल.