स्पेक्ट्रो घ्यावा की वेट लॅब ठेवावी? छोट्या भट्टीवाल्यांसाठी

वाळूजला ग्रे आयर्नची (राखाडी बिडाची) छोटी फाउंड्री चालवणाऱ्या मावसभावाचा परवा फोन आला. "ताई, स्पेक्ट्रो घेऊनच टाकू का? वेटवाला केमिस्ट मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही." स्पेक्ट्रो म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र; वेट म्हणजे रसायनं आणि काचेच्या भांड्यांवर हातानं मोजणं. जालन्यात सळईच्या कारखान्यांमध्ये मी दोन्ही टेबलांवर काम केलंय. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं बघू. विजेच्या इंडक्शन भट्टीत धातूचा रस तयार होऊन रिपोर्टची वाट बघत थांबला की विजेचा मीटर पळत राहतो आणि अस्तरही झिजतं. स्पेक्ट्रोवर नमुना घासून सपाट केला, ठिणगी पाडली, की मिनिटाभरात सगळी मूलद्रव्यं समोर येतात. वेटमध्ये स्ट्रोलाइनवर (नमुना जाळून निघालेला वायू मोजणाऱ्या उपकरणावर) कार्बन-गंधकाला दहाएक मिनिटं, मँगनीजला अर्धा तास, फॉस्फरसला तासाच्या वर. वजनी पद्धतीचा सिलिकॉन तर अर्धा दिवस खातो. दिवसाला आठ-दहा हीट (हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणारा रस) काढत असाल तर स्पेक्ट्रो घ्याच.

पण "स्पेक्ट्रो आला, आता वेट बंद" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. स्पेक्ट्रोला घट्ट, सपाट, बिनछिद्राचा धातू लागतो. गेटमधून आत येणारा माल तसा असतो का? स्पॉन्ज आयर्न (लोहखनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) ठिसूळ आणि सच्छिद्र, त्यावर ठिणगी धड बसतच नाही. रसात मिसळायचं सिलिको मँगनीज खड्यांत येतं. हे सगळं कुटून, विरघळवून टायट्रेशननंच (ब्युरेटमधून मोजकं द्रावण सोडून) बघावं लागतं. स्पॉन्जमधलं एकूण लोखंड किती आणि त्यातलं धातुरूप किती, हे डायक्रोमेटचं टायट्रेशन सांगतं, आणि खरेदीचा भाव त्यावरच ठरतो.

फॉस्फरसचं तर विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडच्या आम्ल (सिलिका) अस्तराच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस निघत नाही. भंगारातून, स्पॉन्जमधून जेवढा आला तेवढा सळईत उतरतो. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात एफई ५०० या ग्रेडला फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०५५ टक्के चालतात. ५००डी ला प्रत्येकी ०.०४० आणि दोन्ही मिळून ०.०७५ च्या आत हवेत. रस झाल्यावर स्पेक्ट्रोनं ०.०६ दाखवला तर चांगलं भंगार घालून पातळ करण्याखेरीज हातात काही उरत नाही. आधीच कळायला हवं असेल तर मालाचा फॉस्फरस वेटवर काढावा लागतो. मोलिब्डेट घातल्यावर बीकरमध्ये पिवळाजर्द साका खाली बसतो. तो धुऊन मोजक्या कॉस्टिकमध्ये विरघळवायचा आणि उरलेलं कॉस्टिक नायट्रिक आम्लानं परत मोजायचं. साका नीट धुतला नाही तर उत्तर चुकलंच.

वेटची खोडही सांगते. मी जिथं उमेदवारी केली त्या लॅबमध्ये स्ट्रोलाइनशेजारी भिंतीवर एकच गुणक (वायूच्या आकारमानावरून कार्बन काढायचा आकडा) चिकटवलेला होता, डिसेंबरचा. स्ट्रोलाइन कार्बन मोजतं ते वायूच्या आकारमानावरून. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब ७६० ऐवजी ७१५ मिलिमीटरच्या आसपास. त्यात मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत पारा ४० वर. वायू फुगलेला आणि गुणक हिवाळ्याचा. एका हीटचा कार्बन ०.२८ टक्के आला. ५००डी ला मर्यादा ०.२५, म्हणून हीट बाजूला काढली. मी तापमान, दाब आणि पाण्याची वाफ धरून पुन्हा हिशेब केला, तर कार्बन ०.२५ च्या जवळ आला. तेव्हापासून रोज सकाळी थर्मामीटर आणि बॅरोमीटर वाचल्याशिवाय मी स्ट्रोलाइनला हात लावत नाही.

स्पेक्ट्रोलाही उन्हाळा सोसत नाही. खोलीला एसी हवाच. आर्गॉन ९९.९९९ टक्के शुद्ध हवा, कारण कार्बन, फॉस्फरस, गंधकाच्या रेषा २०० नॅनोमीटरच्या खाली आहेत आणि तिथला प्रकाश हवेतच शोषला जातो. शिवाय स्पेक्ट्रो प्रमाणित नमुन्यांशी तुलना करूनच सांगतो. ते नमुने रोज लावले नाहीत तर आकडा हळूहळू सरकतो आणि छापील रिपोर्टवर ते दिसत नाही. टायट्रेशन करणाऱ्याला चूक निदान डोळ्यांसमोर घडताना दिसते. मँगनीजच्या टायट्रेशनमध्ये परमँगनेटचा जांभळा रंग आर्सेनाइटच्या थेंबाथेंबानं फिका पडतो आणि एका थेंबाला जातो. त्या थेंबाच्या पुढे गेलात तर तुमचं तुम्हाला कळतं. आर्सेनाइट विषारी आहे, परक्लोरिक आम्ल तर गरम केल्यावर स्फोटक ठरू शकतं. धुराड्याशिवाय (फ्यूम हूडशिवाय) हे टेबल मांडूच नका.

एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) भंगार आणि स्टेनलेस निवडायला उत्तम, पण तिला कार्बन दिसत नाही. तिच्यावर सळई पास करू नका.

पार्टीशी वाद झाला तर? सळईच्या मानकात वादाच्या वेळी आयएस २२८ (पोलादाच्या रासायनिक विश्लेषणाचं भारतीय मानक) ची रासायनिक पद्धत ग्राह्य धरतात. म्हणजे शेवटचा शब्द वेटचाच.

मावसभावाचं गणित वेगळं आहे. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइटचे पापुद्रे असतात. तशा कास्टिंगवर ठिणगी पाडली तर कार्बन चुकतो. रस तांब्याच्या साच्यात झटक्यात थिजवून पांढरं नाणं (छोटी चकती) करावं लागतं. वेटसाठी ड्रिलनं काढलेल्या किसातही ग्राफाइटची भुकटी उडून जाते, म्हणजे वेटही तिथं सुरक्षित नाही. त्याच्या दिवसाला दोन हीट. त्याला मी सांगितलं, स्पेक्ट्रो आत्ता नको. कार्बन-सिलिकॉनसाठी थंड होण्याचा आलेख काढणारा कप-मीटर घे, नाणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठव, आणि मँगनीज-गंधकापुरतं छोटं वेट टेबल मांड.

टेबल सांभाळायला त्याची मुलगी तयार आहे, यंदाच बीएस्सी झाली. दिवाळीनंतर माझ्याकडे शिकायला येतेय. तिच्या हातात ब्युरेट नंतर देणार. आधी ड्रिल: गंज, रंग, तेल काढलेल्या जागीच लावायचं, आणि कीस निळा पडणार नाही इतकं हळू.