‘मॅडम, मुलं मोठी होतायत’

वार्षिक परीक्षा संपत आल्या की फोन सुरू होतात. "अभिनंदन! प्रदर्शनात तुम्ही कूपन भरलं होतं, तुमचं नाव निघालंय. तीन रात्रींचं हॉटेल व्हाउचर आणि रविवारचं जेवण आमच्याकडून. फक्त दोघांनी मिळून यायचं." कूपन आपण खरंच भरलेलं असतं. पेट्रोल पंपावर, मॉलच्या दारात, नाहीतर उन्हाळी सेलमध्ये मुलं आइस्क्रीम संपवत असताना. नाव निघण्याबद्दल एवढंच सांगते, की आम्ही गेलो त्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक कुटुंबं होती आणि सगळ्यांचीच नावं निघालेली होती.

तिथे विकतात ते सुट्टीचं सभासदत्व : आज एकदम पैसे भरा आणि पुढची काही वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहा. हे लिहितेय कारण ओळखीतल्या दोघीतिघींना या महिन्यात असे फोन आलेत. आपल्याला आता ओटीपी कुणाला सांगू नये हे कळतं, अनोळखी लिंक उघडू नये हे मुलंसुद्धा सांगतात. इथे त्यातलं काहीच नसतं. समोर टाय लावलेली माणसं असतात, जीएसटी नंबर असलेली पावती मिळते, करारावर आपलीच सही असते. म्हणून पोलिसांकडे जावं तरी काय सांगणार, असा प्रश्न पडतो.

फोनवर घातलेल्या अटी नीट ऐका, त्यातच सगळं आहे. नवरा-बायको दोघंही हवेत, म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य संपलं. क्रेडिट कार्ड बरोबर आणा, ‘ओळखीसाठी’. आधार कार्ड एरवी सगळीकडे ओळखीला चालतं, इथे मात्र क्रेडिट कार्ड लागतं! आणि मुलांना जरूर आणा, त्यांच्यासाठी खेळायची सोय आहे. ती सोय म्हणजे कोपऱ्यात चटई, रंगीत खडू, चॉकलेटं आणि एक ताई. मुलं रमली की आईबाप उठायची घाई करत नाहीत.

हॉटेल नाशिकातच, मुंबई-आग्रा रस्त्यावर. दीड तासाचा कार्यक्रम म्हणाले होते. आमच्या टेबलावर जो मुलगा बसला, तो धुळ्याकडचा, गोड बोलणारा. पहिला पाऊण तास त्याने विकायचा विषयच काढला नाही. गेल्या मेमध्ये कुठे गेला होता? चाळीसगावला माझ्या माहेरी. आणि त्याआधी? चाळीसगावलाच. एक दिवस पाटणादेवी, एरवी गंगापूर धरण, पांडवलेणी, फार तर शिर्डी. तो मान डोलवत लिहून घेत होता. मग त्याने मुलांची वयं विचारली. मुलगी ११, मुलगा ७.

त्याने कागदावर ११ लिहिलं, त्याला गोल केला आणि म्हणाला, "मॅडम, ताईची दहावी किती लांब? पाच वर्षं. नववी झाली की सुट्टीत क्लास. दहावीनंतर बारावीचं, नीट-जेईईचं. मग हॉस्टेल. म्हणजे तुमच्याबरोबर हौसेने येईल अशा हिच्या किती सुट्ट्या उरल्या? तीन? चार?" मी नवऱ्याकडे पाहिलं, तो कागदाकडे पाहत होता. "मॅडम, मुलं मोठी होतायत. पैसा काय, परत येतो."

त्या वाक्याला उत्तर नाही, कारण ते खरं आहे. या लोकांचं कसब इथेच आहे. खोटं बोलायची वेळ येते ती नंतर. आधी ते तुमच्याच पोटातली भीती काढून तुमच्यासमोर टेबलावर ठेवतात. नोकरी करणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, ही वजाबाकी तिने रात्री कधीतरी केलेली असते.

पुढचं सगळीकडे सारखंच चालतं. मोठ्या आवाजात गाणी. मध्येच एखाद्या टेबलावर कुणी सही केली की माईकवरून नाव, टाळ्या, फोटो. दहा वर्षांचं सभासदत्व, दरवर्षी सहा रात्री, देशात कुठेही. किंमत आधी २ लाख ४० हजार. आपण मागे सरकलो की ‘मॅनेजर सर’ येतात, काहीतरी खोडतात, काहीतरी लिहितात. आमच्यासाठी ते १ लाख ३५ हजारांवर आले, ‘पण फक्त आज, हॉलमधून बाहेर पडेपर्यंत’. मेमध्ये मिळेल ना, हे मी स्पष्ट विचारलं. "मॅडम, फॅमिलीसाठीच आहे हे. सुट्टीतच तर जाणार तुम्ही!" वार्षिक देखभाल शुल्क? "पहिल्या वर्षी माफ." कार्ड मशीनमध्ये गेलं, रक्कम हप्त्यांत बदलून देऊ म्हणाले. कार्डाच्या हप्त्यावर व्याज लागतं आणि त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी, हे बिल आल्यावर समजतं.

निघताना आणखी एक काम झालं. "आत्ता मुख्य कार्यालयातून फोन येईल, कॉल रेकॉर्ड होतो. सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकते." फोन आला. सर्व अटी समजल्या का? हो. तोंडी कुठलंही आश्वासन दिलेलं नाही, बरोबर? हो. ही रेकॉर्डिंग पुढे आम्हालाच ऐकवली गेली, तेव्हा तिचं प्रयोजन कळलं. असा फोन आला तर ‘हो’ म्हणायच्या आधी त्याच फोनवर सगळी आश्वासनं बोलून टाका : मेमध्ये खोली देणार म्हणाले, पहिल्या वर्षी शुल्क माफ म्हणाले. रेकॉर्डिंग मग तुमच्याही उपयोगी पडेल.

त्या दिवशी हातात मिळतो तो फक्त अर्ज आणि पावती. जाड, चकचकीत करारपत्र कुरियरने मागाहून येतं. करार रद्द करून पैसे परत मागायची दहा दिवसांची मुदत आमच्या अर्जाच्या मागच्या बाजूला, फिकट शाईत होती आणि ती मोजायची होती सहीच्या तारखेपासून. कुरियर त्या मुदतीनंतर आलं. मोफत व्हाउचरवर ‘नोंदणी शुल्क’ होतं आणि त्यात शनिवार-रविवार नव्हते. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

करारात वर्षाचे रंग केलेले होते : लाल, पांढरा, निळा. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ हे सगळं लाल. आमचं सभासदत्व पांढरं. लाल हंगामात पांढऱ्यांना खोली ‘उपलब्धतेनुसार’. हा एक शब्द मी एवढ्या वेळा ऐकलाय, की घरात मुलगा आता दूध संपलं की दूध उपलब्धतेनुसार म्हणतो.

दिवाळीत महाबळेश्वर मागितलं, भरलेलं. अलिबाग मागितलं, भरलेलं. सुट्टीच्या अगदी शेवटी पाचगणीच्या बाजूला दोन रात्री मिळाल्या. माहितीपत्रकात निळ्याशार पाण्याचा तलाव होता. इथे एक साधं लॉज, ठीकठाक, पण ते या कंपनीचं नव्हतंच. काउंटरवरचा माणूस प्रामाणिक होता, म्हणाला, "आमचं त्यांच्याशी फक्त टायअप आहे." मग त्याने चौघांची आधार कार्डं मागितली, मुलीच्या कार्डावरची जन्मतारीख पाहिली आणि बोट ठेवलं. ऑगस्टमध्ये तिला बारा पूर्ण झाली होती. सभासदत्वात खोली दोन मोठी माणसं आणि बारा वर्षांखालची दोन मुलं यांची. बारा पूर्ण म्हणजे मोठं माणूस. जादा गादीचे रोज १,५०० रुपये आणि जेवणाचा सक्तीचा दर पूर्ण माणसाचा.

मुलगी शेजारी उभी होती. "माझ्यामुळे जास्त पैसे लागले का?" असं तिने जिन्यात विचारलं. मला राग आला तो त्या दीड हजारांचा नाही. ज्या मुलाने तिचं वय कागदावर लिहून, गोल करून, तिच्या उरलेल्या सुट्ट्या आम्हाला मोजून दाखवल्या, त्याने दहावी, बारावी, हॉस्टेल सगळं मोजलं. तीन महिन्यांवर आलेला बारावा वाढदिवस तेवढा मोजला नाही. दहा वर्षांचा करार, त्यातली पहिली सहल व्हायच्या आधीच आमचं चौकोनी कुटुंब त्या खोलीत मावेनासं झालं होतं. बाराचा उंबरठा काही जगावेगळा नाही. एसटीत पाच ते बारा अर्धं तिकीट, रेल्वेतही बारा पूर्ण झाली की पूर्ण भाडं. पण तिथे तिकीट काढतानाच ते कळतं.

पुढच्या मेसाठी मार्चमध्येच फोन लावला. महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली, सगळीकडे उपलब्धता नाही. मिळत होतं ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. त्याच रात्री नवऱ्याने प्रवासाच्या दुसऱ्या एका ॲपवर त्यांच्याच यादीतल्या एका रिसॉर्टची तीच तारीख टाकली. खोल्या होत्या, पैसे भरून कुणालाही. त्याचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट काढले. आमच्या सगळ्या कागदांत पुढे सर्वांत कामाचे ठरले ते हेच.

तेवढ्यात देखभाल शुल्काचं बिल आलं : ९,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ११,२१०. आणि ‘माफ’ असलेल्या पहिल्या वर्षाची थकबाकी वेगळी. ती भरल्याशिवाय पुढचं बुकिंग बंद. तेव्हा कुठे वहीवर हिशेब केला. १ लाख ३५ हजार भागिले दहा वर्षं, वर्षाला साडेतेरा हजार. त्यात शुल्क मिळवलं की २४,७१०. सहा रात्री मिळाल्या असं धरलं तरी एका रात्रीला ४,१०० रुपयांच्या वर, जेवण आणि कार्डाचं व्याज सोडून. हा दर कोकणातल्या कुठल्याही घरगुती मुक्कामाच्या मालकाला सांगा, तो आंब्याची पेटी गाडीत ठेवून देईल. आणि हे गणित टेबलावर मोबाइलवर दोन मिनिटांत होतं, म्हणूनच तिथे गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात.

यात दुसरा धोका आहे, तो जास्त वाईट. तक्रारीचे ईमेल पाठवायला लागल्यावर एक फोन आला. "तुमचं सभासदत्व आम्ही विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, १ लाख ६० हजार मिळतील. फक्त ना-हरकत दाखल्याचे आणि जीएसटीचे २५ हजार आधी भरा, नंतर परत होतात." त्याला आमचा सभासद क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम, सगळं पाठ होतं. आम्ही म्हटलं, १ लाख ६० हजारांतून २५ हजार कापून उरलेले पाठव. फोन ठेवला त्याने. नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने मात्र भरले, मग ‘मुद्रांक शुल्का’चे भरले, मग नंबर बंद. असा फोन आला आणि पैसे गेले, तर हे सायबर पोलिसांचंच काम आहे : लगेच १९३० वर फोन, जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचे असतात.

मूळ कंपनीच्या बाबतीत रस्ता ग्राहक आयोगाचा. करारात लिहिलं होतं की वाद झाल्यास लवाद, म्हणजे कोर्टाबाहेरचा खासगी निवाडा, तोही दिल्लीत. ते वाचून आम्ही हात टेकले होते. ग्राहक पंचायतीतल्या एका काकांनी चष्म्यावरून पाहत सांगितलं, "लिहू दे त्यांना." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, म्हणून ‘बघू पुढच्या सुट्टीत मिळतं का’ असं म्हणत थांबू नका. कंपनीचे लोक तुम्हाला नेमकं तेच करायला लावतात, दर सुट्टीला पुढच्या सुट्टीची आशा दाखवून. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. नोटिशीला उत्तर म्हणून अर्धी रक्कम ‘सद्भावनेने’ पुढच्या सभासदत्वात वळती करायचा प्रस्ताव आला, म्हणजे आणखी भरा.

तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर दाखल केली. अर्ज, पावती, कराराची प्रत, ‘उपलब्धता नाही’चे सगळे ईमेल, ते स्क्रीनशॉट, पाचगणीच्या जादा गादीचं बिल. फोनवर नकार मिळाला की त्याच दिवशी ‘आपण आज फोनवर असं सांगितलंत’ असा ईमेल टाकायची सवय लावून घेतली होती, नाहीतर हातात काही राहिलं नसतं.

कंपनीला आयोगाची नोटीस मिळाल्याची पोचपावती आली आहे. त्यांना म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवले तर आणखी १५, त्यापुढे नाही. आज चाळिसावा दिवस आहे आणि त्यांचं म्हणणं अजून आलेलं नाही. ४५ झाले की ते आयोगाच्या नजरेस आणून देणारा अर्ज मी लिहून ठेवलाय. मुलं परवा चाळीसगावला गेली.