तीनचाकी मोटरसायकलचा मागचा टायर: कंपनीचा आणि कारचा, दोन्ही वापरून झाल्यावर

कॅन-ॲम स्पायडरसारखी पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली तीनचाकी ज्यांच्याकडे आहे किंवा घ्यायची आहे त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, मागचा टायर किती टिकतो? आधी सरळ उत्तर देऊन टाकते. गाडीसोबत आलेला मागचा टायर साधारण १५ हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला येतो. शांतपणे चालवणाऱ्यांचा १८-२० हजारपर्यंत खेचतो आणि सिग्नल सुटला की थ्रॉटल पिळणाऱ्यांचा १० हजारातच गोटा होतो. माझा १५ च्या थोडा अलीकडे संपला. त्यानंतर मी कारचा टूरिंग टायर बसवला, त्याने तेवढं अंतर कधीच मागे टाकलंय आणि नक्षी अजून चांगली खोल आहे.

पण तीनचाकी म्हटलं की सगळ्यांना हाच आकडा लावू नका प्लीज. हार्ले डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड किंवा गोल्डविंगला किट लावून बनवलेल्या ट्राइक, यांना मागे दोन चाकं आणि मध्ये डिफरन्शियल असतं, म्हणजे ताकद दोन टायरमध्ये वाटली जाते, मागचे टायर निवांत दुपटीने वगैरे चालतात आणि तिथे उलट पुढच्या टायरकडे लक्ष ठेवावं लागतं कारण वळताना गाडी झुकत नाही आणि पुढचं एकटं चाक आडवं घासत जातं. यामाहा निकेन किंवा पियाजिओ एमपी३ यांना पुढे दोन चाकं असली तरी त्या वळणात झुकतात, त्यामुळे मागे गोल छातीचा नेहमीचा दुचाकीचा टायर लागतो आणि आयुष्यही तसंच. साइडकारवाल्यांचं अजून वेगळं, मागचं चाक स्वतःसोबत शेजारचं ओझंही ओढतं म्हणून ते फार पटकन झिजतं, आणि म्हणूनच उरल या साइडकारच्या मोटरसायकलवाले स्टेपनी धरून चाकं आलटून पालटून लावत बसतात. मी जे लिहितेय ते पुढे दोन, मागे एक आणि न झुकणाऱ्या गाड्यांबद्दल, म्हणजे कॅन-ॲम स्पायडरच्या जातीच्या.

या जातीत मागचा टायर इतक्या लवकर का जातो ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. इंजिनची सगळी ताकद त्या एकाच टायरमधून रस्त्यावर उतरते, आणि स्पायडरच्या १३३० सीसी इंजिनचा टॉर्क १३० न्यूटन मीटर आहे, म्हणजे बऱ्यापैकी कारइतका. गाडी झुकत नाही म्हणून टायरचा तोच सपाट पट्टा कायम रस्त्याला टेकलेला, दुचाकीसारखं कधी या कडेवर कधी त्या कडेवर असं होत नाही. वळणात तोच टायर बाजूला ढकलला जातो आणि त्याच वेळी पुढेही रेटतो. आणि वर आपण थ्रॉटल उघडला की थोडासा तरी स्लिप होतोच, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) मध्ये पडेपर्यंत थोडं रबर गेलेलं असतं. रोज थोडं थोडं.

आता कंपनीच्या टायरबद्दल. मी त्याला वाईट म्हणणार नाही. रबर मऊ आहे, कोरड्या रस्त्यावर पकड छान, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू लवचिक असल्यामुळे खड्ड्यातून गाडी कमी आदळते आणि मागे बसणाऱ्याची पाठ वाचते. नवीन असताना मला त्याची काहीच तक्रार नव्हती. पण अर्ध्या आयुष्यानंतर तो मधोमध चपटा व्हायला लागला, कडेच्या खाचा जवळजवळ नव्यासारख्या आणि मधली नक्षी पुसत आलेली, आणि मग सरळ रस्त्यावर गाडी किंचित डुलल्यासारखी वाटायला लागली, चाकाच्या रेषा पडलेल्या रस्त्यावर तर जास्तच. शेवटच्या काही हजार किलोमीटरमध्ये पावसात मला त्याच्यावर भरवसा राहिला नव्हता. रुंद टायर, त्यावर वजन कमी आणि मध्ये खाचा नाहीत, म्हणजे साचलेल्या पाण्यावर तो तरंगणारच.

मधोमध झिजण्याचं कारण हवेत आहे. हा टायर बनावटीने कारच्या टायरचाच भाऊ. टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, ९१ लोड इंडेक्सचा कारचा टायर ६१५ किलो पेलू शकतो, आणि आपल्या गाडीत चालवणारा धरून मागच्या चाकावर त्याच्या निम्मंसुद्धा वजन येत नाही. त्यामुळे कारसारखी ३२-३५ पीएसआय भरली की टायर मध्ये फुगतो आणि मधलाच पट्टा रस्ता खातो. स्पायडरला मागे २८ पीएसआय सांगितलेलं आहे ते उगाच नाही. हवा भरणाऱ्याला आपण सांगितलं नाही तर तो एवढा रुंद टायर बघून सवयीने ३५ मारतो, म्हणून स्वतःचं गेज ठेवा आणि सकाळी टायर थंड असताना मोजा. काही जण झीज सारखी व्हावी म्हणून अजून खाली उतरतात. मला एकदम खाली जाणं पटत नाही, कारण हवा कमी झाली की टायर गरम होतो आणि पाण्यावर तरंगायला लवकर सुरुवात करतो, म्हणजे रबर वाचवायला जाऊन पावसातली पकड घालवायची. सामान आणि मागे माणूस असेल तेव्हा तर अजिबात नको.

कारच्या टायरकडे मी वळले ते टिकण्यासाठीच. पहिल्याच दिवशी जाणवलं ते मात्र वेगळं, गाडी एकदम सरळ धावायला लागली, तो डुलण्याचा प्रकार गायब. यातला काही फरक जुना चपटा टायर जाऊन नवा गोलसर आला याचाही असणार हे मान्य, पण इतक्या किलोमीटरनंतरही तो टिकून आहे म्हणून मी टायरला मार्क देतेय. पावसात उभ्या खोल खाचांमुळे पाणी नीट बाहेर जातं आणि पकड मला कंपनीच्या नव्या टायरपेक्षाही बरी वाटली. आवाज कमी. झीज आत्तापर्यंत बरीच सारखी आहे. वजा बाजू म्हणजे साइडवॉल कडक आहे, छोटे खड्डे सरळ सीटपर्यंत कळतात, मागचा शॉक थोडा मऊ करून बघितला तेव्हा निम्मं काम झालं, पूर्ण नाही. आणि थंडीत पहिले काही किलोमीटर रबर जागं व्हायला वेळ घेतं, तेवढं हळू चालवायचं.

टायर निवडताना साइडवॉलवरचा ट्रेडवेअर आकडा बघा, म्हणजे नक्षी किती टिकेल त्याचा. हा १०० ला धरून मोजतात, ४०० म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या रस्त्यावर १०० वाल्याच्या चौपट टिकायला हवा. प्रत्यक्षात आपल्या गाडीवर तो हिशोब जसाच्या तसा उतरत नाही, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात फार अर्थ नाही कारण आकडा कंपनी स्वतःच देते, पण २०० आणि ६०० मधला फरक नक्की कळतो.

साइजबद्दल जरा थांबून बोलते कारण इथेच लोक घाई करतात. स्पायडरचा मागचा साइज २२५/५० आर१५ (रुंदी मिलीमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), याचा व्यास येतो ६०६ मिलीमीटर. या मापात कारचे टायर फारसे मिळत नाहीत म्हणून बरेच जण २०५/६० आर१५ लावतात, त्याचा व्यास ६२७. म्हणजे साधारण साडेतीन टक्के मोठा. २१५/६० घेतला तर ६३९, पाच टक्क्यांच्या वर. ऐकायला किरकोळ वाटतं पण चाक मोठं झालं की गिअरिंग बदलतं, टायर आणि मडगार्डमधली जागा कमी होते, आणि मुख्य म्हणजे एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांच्या वेगाची तुलना करूनच निर्णय घेतात, त्यांना एक चाक सतत वेगळ्या वेगाने फिरताना दिसतं. २०५ रुंदीचा मला जास्त पटतो, थोडा अरुंद असल्यामुळे पाणीही नीट कापतो. कंपनी याला मान्यता देत नाही हे धरूनच चला, वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय होईल ते बसवण्याआधी विचारून घ्या, आणि तिकडून नकार आला तर कंपनीचाच टायर लावा, तो लवकर संपतो पण गाडी त्याच्यावरच ट्यून केलेली आहे.

बसवणं हेही दुचाकीसारखं पटकन होत नाही. मागचं चाक काढायचं म्हणजे बेल्ट सैल करायचा, एक्सल काढायचा, परत लावताना बेल्टचं टेन्शन आणि अलाइनमेंट दोन्ही नीट जुळवायचं, नट टॉर्क रेंचनेच आवळायचा. नुसता टायरवाला हे करेलच असं नाही, त्यामुळे चाक काढून देणारा आणि टायर चढवणारा असे दोघं लागू शकतात. बॅलन्सिंग करून घ्याच. इतकं काम निघतं म्हणूनच दुप्पट टिकणाऱ्या टायरचा फायदा फक्त टायरपुरता राहत नाही.

मोजायची सवय लावली तर संपण्याची वेळ आधीच कळते. डेप्थ गेज छोटंसं मिळतं, मधोमध आणि दोन्ही कडेला अशा तीन जागी माप घ्या. नव्या टायरला ७-८ मिलीमीटर नक्षी असते, झीज दाखवणारी उंच पट्टी १.६ वर असते, म्हणजे वापरायला साधारण ६ मिलीमीटर. माझा पहिला टायर मिलीमीटरला अडीच हजार किलोमीटरच्या थोडं आत जात होता, आत्ताचा मिलीमीटरला पाच हजाराच्या जवळपास जातोय. लांबच्या प्रवासाला निघताना मध्ये ३ मिलीमीटरपेक्षा कमी दिसलं तर मी आधीच बदलेन, कारण शेवटचा भाग बघता बघता संपतो आणि मागे स्टेपनी नसते. आणि टायर मागवताना तारीख बघून घ्या, साइडवॉलवर DOT (डॉट) लिहिलेलं असतं त्याच्या पुढचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. या मापाचे टायर दुकानात हळू खपतात, दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर कमी दरात दिला तरी मी घेणार नाही.