आरसिंक: बॅकअपमधून फायलींबरोबर त्यांची मालकीही परत येते का?

लिनक्स सर्व्हरचा बॅकअप परत आणताना फायलींमधला मजकूर सहसा जसाच्या तसा येतो. घोटाळा होतो तो फाइल कोणाची आहे आणि ती कोणी वाचायची-बदलायची, या नोंदींमध्ये. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेटा डिरेक्टरीची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याकडे, गेली किंवा तिच्या परवानग्या ०७५० (मालकाला सर्व अधिकार, ग्रुपला बदलण्याचा नाही, इतरांना काहीच नाही) पेक्षा सैल झाल्या, तर डेटाबेस सुरूच होत नाही, आणि खासगी कीच्या परवानग्या ०६४४ (कोणालाही वाचता येईल अशा) झाल्या तर दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याचे साधन एसएसएच ती वापरायचे नाकारते. म्हणून बॅकअपचे कोणतेही साधन मी या नोंदी ते कितपत सांभाळते यावर जोखतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले, फायलींची नक्कल करणारे मोफत आरसिंक या कसोटीला उतरते, मात्र पर्याय विचारपूर्वक दिले तरच.

बहुतेक जण ‘स्मॉल ए’, म्हणजे आर्काइव्ह हा पर्याय देऊन निर्धास्त होतात. त्यात मालक, ग्रुप, परवानग्या, शेवटच्या बदलाची वेळ, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आणि डिव्हाइस फायली (उपकरणांसाठीच्या खास फायली) येतात. हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावे), एसीएल (खातेनिहाय परवानग्यांची यादी) आणि फाइलला जोडलेल्या जादा नोंदी म्हणजे एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. त्यांसाठी कॅपिटल एच, कॅपिटल ए आणि कॅपिटल एक्स वेगळे द्यावे लागतात. यांतला शेवटचा राहिला, तर रूट नसताना ८० क्रमांकाचा पोर्ट उघडण्याची केपेबिलिटी (अशाच जादा नोंदीत लिहिलेला खास अधिकार) दिलेला प्रोग्रॅम परत आल्यावर तो पोर्ट उघडू शकत नाही, आणि फाइल, मालक, परवानग्या सगळे जागेवर दिसत असल्यामुळे कारण शोधताना फार वेळ जातो. आर्काइव्ह या नावाने एवढे बाहेर ठेवावे, हे मला पटत नाही.

त्याहून फसवी गोष्ट मालकाच्या क्रमांकाची. डिस्कवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. रूट म्हणून चालणारे आरसिंक मात्र आपणहून नावाशी नाव जुळवते. समजा, मूळ सर्व्हरवर पोस्टग्रेस खात्याचा क्रमांक ११२ आहे आणि बॅकअप सर्व्हरवर त्याच नावाचे खाते ११८ क्रमांकाचे आहे. बॅकअपमध्ये त्या फायली ११८ च्या नावे जमा होतात. पुढे डिस्क बदलली आणि पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्समधून त्या परत आणल्या, तर तिथे पोस्टग्रेस नावाचे खातेच नसल्यामुळे ११८ तसाच लिहिला जातो आणि मूळ प्रणालीत डेटाबेस परक्याच्या ताब्यात जातो. जाता-येता दोन्ही वेळा ‘न्यूमेरिक आयडीज’ हा पर्याय दिला की ही अदलाबदल होत नाही. संपूर्ण सर्व्हरच्या बॅकअपसाठी तो मी अनिवार्य मानतो.

मला सर्वांत आवडलेली सोय ‘फेक सुपर’ ही आहे. मालकी बदलण्याचा अधिकार रूटला असतो, पण बॅकअप सर्व्हरवर दुसऱ्या मशीनला रूट म्हणून शिरू देणे धोक्याचे असते. हा पर्याय बॅकअपच्या बाजूला दिल्यास फायली तिथल्या साध्या खात्याच्या मालकीच्या राहतात आणि खरी माहिती प्रत्येक फाइलच्या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘१००६४४ ०,० ३३:३३’ अशी लिहिली जाते: आधी फाइलचा प्रकार व परवानग्या, मग डिव्हाइसचे आकडे, शेवटी मालक आणि ग्रुप. परत आणताना मूळ मशीनवर रूट लागतोच, आणि बॅकअपच्या बाजूला हा पर्याय पुन्हा द्यावा लागतो. तो राहिला तर सगळ्या फायली बॅकअप खात्याच्याच क्रमांकाने उतरतात.

मर्यादा आहेत. एक्सफॅट ड्राइव्हवर मालकी लिहायला जागाच नसते, तेव्हा तिथे टार या फायली एकत्र बांधणाऱ्या साधनाची एक सलग फाइल ठेवणे बरे, कारण टार या नोंदी फाइलच्या पोटातच लिहिते. इनोडमधला, म्हणजे मालक-परवानग्या जिथे नोंदलेल्या असतात त्या नोंदीतला, बदल नोंदवणारी वेळ मात्र बॅकअपच्या अशा साधनांनी मागे नेता येत नाही.

पडताळणीची सोय उत्तम आहे. फायली परत आणल्यावर तीच आज्ञा ‘ड्राय रन’ आणि ‘आयटमाइझ चेंजेस’ हे पर्याय जोडून पुन्हा चालवली, की काहीही न बदलता तफावत असलेल्या प्रत्येक फाइलसाठी अकरा खुणांची ओळ उमटते. सहाव्या जागी ‘पी’ दिसला तर परवानग्या वेगळ्या आहेत, सातव्या जागी ‘ओ’ असेल तर मालक, आठव्या जागी ‘जी’ असेल तर ग्रुप. या ओळी नाहीशा होईपर्यंत सर्व्हरवरची कोणतीही सेवा सुरू करू नये.