पुणे-लोणावळा लोकल: आठ महिने पास काढल्यावर

मागच्या गुरुवारी शाळेतून फोन आला, लेकीला ताप भरला होता. दुपारचा एक वाजत आलेला. अर्धी रजा टाकून शिवाजीनगर स्टेशन गाठलं, तर तळेगावकडची लोकल गेलेली आणि पुढचीला बराच वेळ. फलाटावर रिकाम्या कॅनला टेकून एक दूधवाले काका बसले होते. म्हणाले, "ही गेली की दुपार गेली बघा, ताई." शेवटी दोन बस आणि शेअर रिक्षा करत साडेतीनला शाळेत पोहोचले. पोरगी ऑफिसातल्या बाकावर झोपून गेली होती.

सकाळ-संध्याकाळ ही गाडी सोन्यासारखी आहे. पुणे-लोणावळा तिकीट १५ रुपये, आणि माझा महिन्याचा पास स्कूटरची टाकी एकदा भरण्यापेक्षा स्वस्त. पण दुपारचं काय?

पहिले चार महिने मला वाटायचं, दुपारी गाडी सोडायचीच कुणाच्या मनात नाही. मग एका संध्याकाळी आमची लोकल मधल्या स्टेशनात रखडली. शेजारून एक्स्प्रेस धडधडत गेली, तिच्यामागे मालगाडी. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा समोर बसले होते, त्यांनी समजावलं. जायला एक मार्ग, यायला एक. मुंबईच्या एक्स्प्रेस, मालगाड्या, लोकल, सगळ्या त्यावरच. रूळ आणि वरची वायर तपासायला ब्लॉक लागतो, म्हणजे काही वेळ गाड्या बंद ठेवाव्या लागतात, तो गर्दी कमी म्हणून दुपारी. "ब्लॉक नको, तर रूळ तपासायचे कधी?" मी गप्प बसले.

तेव्हापासून वेळापत्रकावरचा राग गेला. पण दुपारी गर्दी नसते हे मला आजही पटत नाही. सकाळचं कॉलेज सुटलेली मुलं, ससूनला दाखवून परतणारे पेशंट, दूधवाले, ही माणसं आहेतच. थांबणं परवडत नाही म्हणून ती बाइकवर, हायवेला जातात.

लोकल १९७८ साली सुरू झाली, तेव्हा पिंपरी-चिंचवडला महापालिकाही नव्हती. शहर कुठच्या कुठे गेलं, मार्ग दोनच राहिले. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्या लवकर व्हाव्यात, पुण्यात मेट्रोइतकीच याची गरज आहे.

पास मी कालच पुन्हा काढला, तीन महिन्यांचा. तळेगाव-वडगावला फ्लॅट बघत असाल तर स्टेशन किती मिनिटांवर हे बिल्डर सांगेलच. दुपारची गाडी किती वाजता आहे, ते स्वतः स्टेशनवर जाऊन बघून या.