जबड्यातल्या इंजेक्शनांचे अकरा महिने : माझा अनुभव

माझी पहिली दातखीळ बसली ती वर्गात, हजेरी घेताना. पाच-सहा नावं झाली आणि खालचा जबडा आपोआप वर ओढला जाऊन दात गच्च मिटले. काही सेकंदांत सुटले, पण पुढच्या नावाला पुन्हा तेच. महिन्या-दोन महिन्यांत पापण्या जोरात मिटू लागल्या, जीभ दातांवर ढकलली जायची, मान डावीकडे ओढ घ्यायची. झोपेत मात्र चेहरा अगदी शांत असतो, असं हे सांगायचे. आणि दातात लवंग धरली की जबडा मोकळा! त्यामुळे घरात सगळ्यांनी ताणावर ढकललं. दातांच्या एका दवाखान्यात माझी एक दाढ काढली. ती चांगली होती, हे नंतर कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं.

निदान झालं ते लेकीने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओमुळे, कारण डॉक्टरांसमोर बसलं की नेमकं काही होत नसे. एमआरआय नॉर्मल, कॅल्शियम आणि थायरॉइडही ठीक. पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि आजाराचं नाव सांगितलं : जबड्याचा डिस्टोनिया. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे आदेश जातात आणि ते नको तेव्हा आवळले जातात. लवंगेचं मी भीतभीत सांगितलं, तर म्हणाले, हीच तर या आजाराची खूण. कुणाला हनुवटीला बोट लावून बरं वाटतं, कुणाला च्युइंगगम चघळून.

मग त्यांनी दोन वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या मागवल्या. त्यात पित्ताची एक कॅप्सूल होती. ती मी चौदा महिने रोज घेत होते. सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेली, नंतर रिकामी पट्टी दाखवून दुकानातून आणलेली. तिच्यात पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतं आणि काही जणांत त्यातून असे झटके सुरू होतात. कॅप्सूल तेव्हाच बंद झाली, पण झटके थांबले नाहीत. औषध थांबल्यावरही हा त्रास कधी महिनोन् महिने राहतो, कधी कायमचा. कृपा करून आज घरातल्या पित्ताच्या पट्टीची मागची बाजू वाचा. लेव्होसल्पिराइड दिसलं तर ते किती दिवस घ्यायचं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता इंजेक्शनांबद्दल. हे बोट्युलिनम टॉक्सिन, सुरकुत्यांसाठी वापरतात तेच. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, म्हणून स्नायू सैलावतो. मला ते गालाच्या चावण्याच्या स्नायूत आणि कानशिलावर देतात. सुई एका यंत्राला जोडलेली असते आणि आवळलेल्या स्नायूत शिरली की यंत्रातून खरखर ऐकू येते. दुखतं, पण दाढ काढण्याइतकं नाही.

पहिल्या वेळी चार दिवस काहीच फरक नव्हता आणि मी रडले. सहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना लक्षात आलं की कप दातांवर आपटला नाही. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात चांगलं होतं, दहाव्यानंतर ओढ परतू लागली. तीन महिन्यांच्या आत पुन्हा देत नाहीत. घाई केली तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग ते लागू पडेनासं होतं.

दुसरी वेळ वाईट गेली. जिभेची ओढ राहिली होती म्हणून हनुवटीखालीही थोडं दिलं आणि दोन आठवडे पाण्याचा प्रत्येक घोट ठसका देऊन गेला. मी पातळ पेज सोडून दाट खिमट खाल्लं, हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घेतले. ठसका लागायला लागला की लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे तेव्हा शिकले. तिसऱ्या वेळी तिथली मात्रा कमी केली आणि सगळं जमलं. चौथं इंजेक्शन घेऊन आता दोन महिने होतील. भाकरी खाते, पण कडा काढून. चकली, चिक्की बंद. हसताना डावा कोपरा थोडा मागे राहतो, त्याची सवय झाली.

गोळ्याही झाल्या. ट्रायहेक्सीफेनिडिलने तोंड कोरडं पडायचं आणि मुलांची नावं आठवेनाशी झाली, शिक्षिकेला ते परवडणारं नाही. ती डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. रात्रीची क्लोनाझेपामची लहान गोळी चालू आहे.

खर्च मोठा आहे. दर वेळी पंधरा हजारांच्या वर जातात, वर साताऱ्याहून पुण्याची फेरी. मी तरीही पाचपैकी चार गुण देईन, फक्त इंजेक्शन स्नायूंच्या हालचालींचे आजार पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडेच घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिट्स सारखी नसतात, म्हणून दर वेळी कंपनी आणि मात्रा दोन्ही वहीत लिहून ठेवते.

प्रत्येक दातखीळ माझ्यासारखी नसते. उलटीच्या गोळीनंतर माझ्या भाच्याचा जबडा अचानक वाकडा झाला होता. मेटोक्लोप्रमाइडने तसं होतं, विशेषतः तरुणांत. दवाखान्यात एका इंजेक्शनवर अर्ध्या तासात उतरलं. जखमेनंतर जबडा आखडला तर धनुर्वात असू शकतो, आणि तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर पक्षाघात. यात मिनिटं मोजून रुग्णालय गाठायचं, लवंग धरून बसायचं नाही.

माझी लवंगांची डबी पर्समध्ये आहे. गेल्या सोमवारी सगळ्या वर्गाची हजेरी तिला हात न लावता घेतली, चव्वेचाळीस नावं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.