फार्ली मोवॅट यांचे ‘अँड नो बर्ड्स सँग’: पस्तीस वर्षांनी लिहिलेली भीती

कॅनडाचे फार्ली मोवॅट बहुतेकांना माहीत असतात ते आर्क्टिकमधल्या माणसांवर आणि लांडग्यांवर लिहिणारे लेखक म्हणून. लेखक होण्याआधी ते दुसऱ्या महायुद्धात पायदळात अधिकारी होते आणि त्या दिवसांचे ‘अँड नो बर्ड्स सँग’ हे आत्मकथन त्यांनी १९७९ मध्ये, म्हणजे लढाईनंतर सुमारे पस्तीस वर्षांनी प्रसिद्ध केले. हा उशीर पुस्तकाच्या पानापानांत जाणवतो, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठे बळ आहे.

मोवॅट यांनी आपल्या ‘हेस्टिंग्ज अँड प्रिन्स एडवर्ड’ पलटणीचा इतिहास १९५५ मध्येच लिहिला होता. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत, असा माझा आग्रह आहे. जुलै १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर उतरल्यावर या पलटणीने आसोरो या गावाचा उभा कडा रात्रीच्या अंधारात चढून शिखरावरच्या जर्मनांना गाफील पकडले. चढाईच्या आदल्याच दिवशी टेहळणी करताना पलटणीचे प्रमुख मारले गेले होते. पहिल्या पुस्तकात हा पलटणीचा पराक्रम आहे. दुसऱ्यात तोच कडा बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटच्या धापेतून, थकव्यातून आणि हादरलेल्या मनातून दिसतो. वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेले, तरीही मुलाने त्यांच्याच जुन्या पलटणीत जाण्याची उत्सुकता बाळगलेली; या बाप-लेकांतील पत्रे मला पुस्तकातील सर्वांत हृद्य भाग वाटली, कारण घरी काय कळवायचे आणि काय झाकायचे याची मुलाची ओढाताण त्यांत दिसते.

इंग्लंडमधील प्रशिक्षणाची पाने मात्र रेंगाळली आहेत, आणि त्यांतले विनोद थोडे कमी असते तरी चालले असते. इतक्या वर्षांनी शब्दशः दिलेले संवादही जपूनच वाचावेत, विशेषतः आर्क्टिकवरच्या त्यांच्या लेखनातील तपशिलांवर पुढे आक्षेप घेतले गेले असल्याने. पण भीतीविषयी ते जे लिहितात, त्यावर मी पूर्ण विश्वास ठेवतो. तिला ते आत वळवळणारा, कधीही न मरणारा किडा म्हणतात. सिसिलीत हा किडा दबून असतो. डिसेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवरील ऑर्टोना शहराच्या अलीकडे, मोरो नदीच्या चिखलात आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात, सोबती एकेक करून पडत असताना तो माणसाचा पूर्ण ताबा घेतो. हे लिहिताना मोवॅट स्वतःला कुठेही सोडत नाहीत.

मोवॅट युद्ध संपेपर्यंत सैन्यात होते, पुस्तक मात्र १९४३ च्या हिवाळ्यातच थांबते. पहिल्या वाचनात मला ते अर्धवट वाटले होते. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धावर जाण्यासाठी आतुर झालेला तो मुलगा ऑर्टोनाजवळच संपला होता, आणि हे पुस्तक त्याचेच होते.